ओकलंडच्या जुन्या मैदानाला निरोप: शेवटच्या दिवशी आलेल्यांनी रडावं का?

हिशेबनीस

परवा इथल्या एका मराठी मित्राकडे जेवताना हा विषय निघाला आणि मी एकटा पडलो, म्हणून धागाच काढतोय.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ए'ज, म्हणजे अ‍ॅथलेटिक्स हा बेसबॉल संघ, १९६८ साली कॅन्सस सिटीहून ओकलंडला आला आणि २६ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या कोलिझियम मैदानावर शेवटचा सामना खेळून निघून गेला. टेक्सास रेंजर्सला ३-२ असं हरवलं. सध्या मुक्काम सॅक्रामेंटोजवळ, पुढे लास व्हेगास. त्या दिवशी मैदानात ४६,८८९ माणसं होती. मोठमोठे बाप्ये ढसाढसा रडत होते, लोक मैदानाची माती डब्यांत भरून घरी नेत होते.

आता माझा हिशेब. त्या आख्ख्या मोसमात ८१ सामन्यांना मिळून प्रेक्षक ९ लाख २२ हजार. सरासरी साडेअकरा हजारांच्या आत, सगळ्या लीगमध्ये तळाला. आदल्या वर्षी त्याहूनही कमी. म्हणजे म्हातारीला जिवंतपणी कोणी विचारलं नाही आणि तेराव्याला पंगतीत बसायला जागा नाही, असला प्रकार.

शिवाय मैदान तरी कसलं? काँक्रीटचा वाडगा. २०१३ मध्ये गटाराचं पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं आणि दोन्ही संघांना अमेरिकन फुटबॉलवाल्यांच्या खोलीत जाऊन कपडे बदलावे लागले. अलीकडे तर समालोचकांच्या खोलीत पॉसम नावाचा मांजराएवढा प्राणी राहायला आला होता. याला निरोप देताना गळा दाटून येतो म्हणजे मला जरा नाटकी वाटतं. बोला.

डावखुरा

हिशेब अर्धाच मांडलात. खातेवही जरा मागे उलटा.

१९९० साली याच वाडग्यात २९ लाख माणसं आली होती. इतकं मागे नको असेल तर २०१४ घ्या, २० लाख. २०१९ च्या वाइल्ड कार्ड, म्हणजे बाद फेरीच्या, सामन्याला ५४,००५. गटार तेव्हाही तुंबत होतं, तरी लोक येत होते.

मग झालं काय? करोनानंतर मालक जॉन फिशर यांनी २०२२ चा मोसम सुरू व्हायच्या आत ऑल्सन, चॅपमन, बॅसिट, मनाया असे खेळाडू एकामागून एक दुसऱ्या संघांना देऊन टाकले, वर तिकिटांचे दर वाढवले. २०२३ मध्ये ११२ सामने हरले. दुकानातला चांगला माल काढून टाकायचा, भाव वाढवायचा आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून गावालाच नावं ठेवायची!

न येणं हाच त्या लोकांचा निषेध होता. आणि यायचं ठरवलं तेव्हा आलेच. १३ जून २०२३ चा उलटा बहिष्कार आठवा. 'आज सगळ्यांनी यायचं' असं चाहत्यांनीच ठरवलं आणि मंगळवारच्या रात्री २७,७५९ लोक हजर. अंगात हिरवे टी-शर्ट, त्यावर एकच शब्द: 'सेल'. म्हणजे मालका, विकून टाक संघ. त्याच दिवशी तिकडे व्हेगासच्या नेवाडा राज्याच्या सिनेटने नव्या स्टेडियमला पैसे द्यायचं विधेयक मंजूर केलं. त्यामुळे हजेरीवरून निष्ठा मोजणार असाल तर ती रात्र कुठल्या रकान्यात टाकता?

फुकट_फौजदार

@डावखुरा, एक रात्र! ८१ पैकी एक.

भावना बाजूला ठेवून बघा. संघ खाजगी मालमत्ता आहे. लीगच्या ३० मालकांनी ३०-० मताने स्थलांतराला मान्यता दिली, त्यातला एकही जण ओकलंडच्या बाजूने उभा राहिला नाही. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये पूल ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला गेले, अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये व्हेगासला. पाच-सहा वर्षांत तीन संघ जातात तेव्हा प्रत्येक वेळी मालकच खलनायक असतो का? शहराचं काहीच चुकत नाही?

मिरजेची_मीरा

शहराचं चुकलं. पण १९९५ मध्ये.

रेडर्स लॉस एंजेलिसहून परत यावेत म्हणून ओकलंड शहर आणि अलामिडा काउंटीने मिळून साधारण २० कोटी डॉलरचं कर्ज काढलं आणि कोलिझियमवर एक उंचच उंच स्टँड चढवला. रेडर्सच्या मालकावरून लोक त्याला माउंट डेव्हिस म्हणतात. त्याने बेसबॉलचा काही फायदा झाला नाही. उलट मैदानातून ओकलंडच्या टेकड्या दिसायच्या, त्या गेल्या. वरच्या खुर्च्या इतक्या लांब की ए'जच्या बहुतेक सामन्यांना त्यांवर ताडपत्री घालून ठेवत. रेडर्स पुन्हा निघून गेले तरी त्या कर्जाचे हप्ते करदाते फेडतच होते. असे हात पोळलेलं गाव पुढच्या मालकाला कोरा चेक देईल का?

तरीही ओकलंडने ए'जच्या नव्या मैदानासाठी ठरवलेल्या हॉवर्ड टर्मिनलच्या बंदरालगतच्या जागेसाठी, आजूबाजूचे रस्ते-पूल वगैरे करायला, मोठी रक्कम जमवली होती. बोलणी चालू असतानाच संघाने व्हेगासमध्ये जागा पक्की केली. नेवाडाने ३८ कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत कबूल केली.

माझ्या मते ओकलंडने आणखी पैसे ओतले नाहीत हेच शहाणपणाचं होतं. आणि तरीही त्या दिवशी लोक रडले हेही बरोबर होतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. @फुकट_फौजदार यांना मात्र त्यांतली एकच निवडायची घाई आहे.

फ्रीमाँटची_काकू

मी होते त्या दिवशी तिथे. मुलाला घेऊन गेले होते. मला बेसबॉलातलं अजूनही निम्मं कळत नाही.

बार्टमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, उतरून मैदानाकडे जाणाऱ्या त्या पुलावर कायमची हॉट डॉग भाजणारी मंडळी होती, पण त्या दिवशी पुढे सरकायलाच जागा नव्हती. रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्ट्युअर्ट यांनी पहिला चेंडू टाकला. दोघेही ओकलंडमध्येच वाढलेले. रिकीने १ मे १९९१ ला याच मैदानावर ९३९ वा बेस चोरून, म्हणजे गोलंदाजाला चकवून पुढच्या बेसवर पळून, विक्रम मोडला होता, हे मला मुलाने तिथे बसल्या बसल्या सांगितलं. तीन महिन्यांच्या आत रिकी गेला. पासष्टाव्या वर्षी.

सामना संपल्यावर कोणी हलेना. व्यवस्थापक मार्क कॉट्से माइक घेऊन मैदानात आले, लोकांचे आभार मानले आणि शेवटी 'लेट्स गो ओकलंड'चा गजर त्यांनीच सुरू केला. मालक काही समोर आले नाहीत.

नाटकी म्हणताय ना, हिशेबनीस? माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. १९७२, ७३, ७४, लागोपाठ तीन विजेतेपदं त्यांनी पाहिलेली. ते रडत नव्हते. गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक चेंडूचं टिपण करत होते, शेवटच्या आउटपर्यंत. त्यांनाही तुमच्या तेराव्याच्या पंगतीत बसवणार का?

हिशेबनीस

काकू, त्या आजोबांना माझा नमस्कार. पण ते उरलेल्या सामन्यांनाही जात असणार, म्हणून ते माझ्याच बाजूचे साक्षीदार! माझा आक्षेप बाकीच्या पस्तीस हजारांना आहे.

आणि डावखुरा, 'न येणं हाच निषेध' हे फार सोयीचं आहे. घरी बसलेला प्रत्येक माणूस निषेधच करत होता याला पुरावा काय? काही जण नुसतेच टीव्हीपुढे लोळत असतील. मी होतो.

वाडगाप्रेमी

मैदानाला कुरूप म्हणालात म्हणून लिहितो, राजकारणात मला रस नाही.

कोलिझियम गोल होतं, कारण ते १९६६ मध्ये फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी बांधलं. त्यामुळे फाऊल रेषेच्या बाहेर एवढी मोकळी जागा की दुसऱ्या मैदानावर जो चेंडू प्रेक्षकांत पडला असता तो इथे धावत जाऊन झेलता यायचा. फलंदाज वैतागायचे, पिचर खूश. कॅटफिश हंटरचा १९६८ चा आणि डॅलस ब्रेडनचा २०१० चा, असे दोन परफेक्ट गेम इथे झाले. म्हणजे एकही फलंदाज पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोचला नाही. २००२ ची लागोपाठ २० विजयांची मालिका. त्यातला विसावा सामना तर ११-० ची आघाडी घालवून ११-११ वर आला आणि हॅटबर्गच्या होमरनने जिंकला. देखणं मैदान म्हणजे नक्की काय असतं? विटांची भिंत आणि महागडी बिअर?

आणि मंडळी, वानखेडेवर आपण उभं राहून जी लाट करतो ना, मेक्सिकन वेव्ह, ती १५ ऑक्टोबर १९८१ ला ओकलंडच्याच मैदानात क्रेझी जॉर्ज नावाच्या चिअरलीडरने यँकीजविरुद्धच्या सामन्यात पहिल्यांदा करवून घेतली. (सिअ‍ॅटलवाले आपला दावा सांगतात. सांगोत बापडे. त्यांची तारीख नंतरची आहे.)

चर्चगेट_फास्ट

लोकहो, एवढं काय? ब्रेबर्न असताना वानखेडे बांधलंच ना? क्रिकेट क्लब आणि मुंबई असोसिएशनचं तिकिटांवरून भांडण झालं, १९७५ च्या जानेवारीत नव्या मैदानावर कसोटी झाली, मुंबईकर मुकाट तिकडे गेले. कोणी माती भरून नेली नाही.

मिरजेची_मीरा

@चर्चगेट_फास्ट, कारण स्टेशन तेच राहिलं! ब्रेबर्न अजून उभं आहे आणि मुंबईचा संघ मुंबईतच आहे. इथे संघ राज्य सोडून वाळवंटात चाललाय. मुंबईची रणजी टीम उद्या नाव-चषकांसकट अहमदाबादला हलवली तर तुम्ही मुकाट बसाल का ते सांगा, मग पुढे बोलू.

चर्चगेट_फास्ट

नाव काढू नका.

डावखुरा

एक वेगळा मुद्दा. १२ जून २०२५ ला याच कोलिझियमवर अमेरिकेतल्या मेजर लीग क्रिकेटचा मोसम सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्को युनिकॉर्न्सच्या फिन अ‍ॅलनने ५१ चेंडूंत १५१ मारल्या, १९ षटकार. ट्वेंटी-२० त एका डावात इतके षटकार त्याआधी कोणी मारले नव्हते. आपली देशी जनता हौसेने गेली होती. मीही गेलो.

पण बरं वाटलं नाही, खरं सांगतो. ज्यांचा संघ नेला त्यांच्या रिकाम्या जागेवर आपण ढोल वाजवत होतो.

फुकट_फौजदार

आता हद्द झाली. मैदान रिकामं पडलं तरी रडायचं, वापरलं तरी रडायचं! ओकलंड रूट्सचा सॉकर संघही २०२५ मध्ये तिथेच खेळला. दिवे लागले, पुलावरच्या हॉट डॉगवाल्यांचा धंदा झाला. तुमच्या सुतकापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

वाडगाप्रेमी

पहिल्यांदाच फौजदारांशी सहमत. मैदान पडण्यापेक्षा क्रिकेट बरं. यांकी स्टेडियम, शे स्टेडियम, डेट्रॉइटचं टायगर स्टेडियम, सगळी पाडली. पण तिथे संघ त्याच शहरात राहिले, जुनं मैदान पडलं. ओकलंडमध्ये उलटं झालं. निरोप नेमका कोणाला द्यायचा हेच लोकांना कळत नव्हतं, म्हणून ती माती, म्हणून ते डबे.

सॅक्रामेंटोकर

तुम्ही सगळे भूतकाळावर भांडताय, आमचं वर्तमान ऐका.

संघ आता आमच्या इथे, वेस्ट सॅक्रामेंटोच्या मायनर, म्हणजे दुय्यम, लीगच्या मैदानात खेळतो. जागा जेमतेम १४,०००. २०२५ मध्ये सरासरी दहा हजारांच्या आतच राहिली. संघाने आमच्या शहराचं नाव घेतलेलं नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. बाहीवर एक बिल्ला तेवढा लावतात. उन्हाळ्यात १०० फॅरनहाइटच्या वर पारा गेला की बाकांवर बसवत नाही. २०२८ ला व्हेगासचं मैदान तयार झालं की जाणारच, हे पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलंय.

आम्ही तिकीट काढलं तर फिशरना मदत केली म्हणून तुम्ही शिव्या घालणार, नाही काढलं तर २०२८ ला हिशेबनीस आमचीही सरासरी काढणार. निक कर्ट्झसारखा फटकेबाज पोरगा रोज पाहायला मिळतोय, तो सोडायचा का?

हिशेबनीस

सरासरी काढणारच. सवय आहे.

पण तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा डावखुऱ्यांना अडचणीचा आहे. न जाणं हा निषेध असेल तर सॅक्रामेंटोच्या माणसाने काय करावं? त्याचा तर काही गुन्हा नाही.

डावखुरा

माझ्याकडून उत्तर सोपं आहे: मी जात नाही, तुम्ही जा. ज्याच्या शहराला फसवलं त्याने बहिष्कार घालावा. ज्याला फक्त खेळ बघायचाय त्याला अडवणारा मी कोण?

माझे पैसे आता ओकलंड बॉलर्सना जातात. पायोनियर लीगचा छोटा संघ, २०२४ मध्ये वेस्ट ओकलंडच्या रेमाँडी पार्कवर सुरू झाला, चाहत्यांनाही मालकीत वाटा घेता आला. दुसऱ्याच वर्षी विजेतेपद. दर्जा मेजर लीगचा नाही, मान्य. हिशेबनीस, यंदा तुम्हीही या. शेवटच्या सामन्याला नको, मे-जूनमधल्या एखाद्या रटाळ बुधवारी.

हिशेबनीस

बुधवारी ऑफिस असतं.

फ्रीमाँटची_काकू

बघा! पस्तीस हजारांनाही ऑफिसच होतं हो.

सॅक्रामेंटोकर

मी येईन बुधवारी. बार्टवरून उतरून किती चालावं लागतं?

डावखुरा

वेस्ट ओकलंड स्टेशनवर उतरा, मी गाडी घेऊन येतो. 'सेल'वाला टी-शर्ट जादाचा आहे, साइज कळवा.