दाटीवाटीच्या वस्तीत गोवराचा फैलाव कसा रोखावा? मदत हवी आहे

आमच्या वस्तीत काही मुलांना गोवर झाला असून आम्ही स्वयंसेवक घरोघरी जाऊन माहिती देत आहोत. अडचण अशी की बहुतेक घरे एका खोलीची आहेत. एकाच अंथरुणावर तीन भावंडे झोपतात आणि हवेसाठी दाराशिवाय दुसरी वाट नाही. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू २ तासांपर्यंत हवेत टिकू शकतो, आणि अंगावर पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत मूल इतरांना संसर्ग देऊ शकते. त्यामुळे पुरळ दिसल्यावर वेगळे ठेवण्याचा सल्ला मुळातच उशिरा पोहोचतो, आणि अशा घरात तो पाळायचा तरी कसा?

संपर्कात आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य राहतो, हे पालकांना पटवताना आमची खरी कसोटी लागते. ‘देवी आली आहे, आता सुई नको’ असे आजी ठामपणे सांगते, तेव्हा तिचा मान राखून घरातल्या इतर मुलांना लस कशी मिळवून द्यावी? आणि लसीचे वय न झालेल्या तान्ह्या बाळांची मला सर्वाधिक काळजी वाटते; त्यांना तात्पुरते दुसरीकडे हलवावे, की तोवर त्यांनाही लागण झाली असण्याची शक्यता धरून तिथेच ठेवावे? अशा वस्तीत प्रत्यक्ष काम केलेल्या आरोग्यसेविका, डॉक्टर किंवा कार्यकर्त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.