गाढव ओढलं, गाय गेली

अदलाबदलीत दोन्ही वस्तू हातात पडेपर्यंत सौदा कच्चाच, असं कुणालाही वाटेल. ज्यू कायद्यात मात्र तसं नाही. तुम्ही माझं गाढव दाव्याला धरून ओढलंत, की त्याच क्षणी तुमची गाय माझी झाली, मग ती कुठेही चरत असो. त्यानंतर ती मेली तर नुकसान माझं!

मिश्नात, म्हणजे ज्यू कायद्याच्या जुन्या संग्रहात, यावरचं भांडण मोठं मजेशीर आहे. गाय व्यायलेली निघाली. वासरू सौद्याआधीचं की नंतरचं? एक म्हणतो आधी, दुसरा म्हणतो नंतर. गाय लांब कुरणात, बघितलंय कुणी? निवाडा: अर्धं-अर्धं.

नाण्यांना हा नियम नाही. नुसते पैसे मोजून जंगम माल आपला होत नाही, तो ओढून किंवा उचलून घ्यावा लागतो. तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी (धर्मपंडित) योहानान कारण देतात: नाहीतर आग लागल्यावर विक्रेता खुशाल म्हणेल, 'तुझे गहू माळ्यावर जळाले.' (व्यापारी सगळीकडे सारखेच.) पैसे दिल्याघेतल्यावर कुणी फिरला तर कायदा त्याला सोडतो, पण जलप्रलयाच्या पिढीला शासन करणाऱ्या देवाच्या नावाने शाप मिळतो.

पुढे अदलाबदलीतली एक वस्तू नाममात्र उरली. माल घेणारा आपला रुमाल पुढे करतो, माल देणारा तो धरून उचलतो आणि बहुतेक वेळा लगेच परत देतो, मालकी बदलली. ज्यू लग्नात केतुबावर (नवऱ्याने बायकोला दिलेल्या हमीच्या करारावर) सह्या होण्याआधी नवरदेव आजही असाच रुमाल उचलतो.