शब्दचर्चा : लागण, साथ, उद्रेक, प्रादुर्भाव… चांदीपुराच्या फलकावर नेमका कोणता शब्द?

महालकर
नागपूर जिल्ह्यातल्या एका गावासाठी पावसाळ्याआधीचा आरोग्यफलक लिहायचा आहे. मसुद्यात असं आहे : ‘चांदीपुराची लागण टाळा. हा संसर्गजन्य रोग असून त्याचा प्रादुर्भाव लहान मुलांत होतो.’ लागण, संसर्गजन्य, प्रादुर्भाव हे शब्द इथे बसतात का? आणि गावात पाच-सहा मुलं आजारी पडली तर त्याला ‘साथ’ म्हणायचं की ‘उद्रेक’?

धंतोलीकर
पहिला शब्द काढा. लागणे म्हणजे चिकटणे, एकाकडून दुसऱ्याकडे जाणे. खरूज लागते, डोळे आले की घरभर लागतात. ‘लागण’ वाचलं की गावातला माणूस आजारी पोराच्या घरी जायचं बंद करतो आणि त्या घरच्यांना विहिरीवरही जवळ येऊ देत नाही. चांदीपुरा असा पसरत नाही. तो विषाणू वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. म्हणजे आजारी पोराला टाळून काहीच साधत नाही, आणि वाळूमाशी जिथे वाढते त्या भिंतीतल्या भेगा तशाच राहतात.

‘संसर्गजन्य’ शास्त्राच्या हिशोबाने चूक नाही, कारण जंतूमुळे होणारा कोणताही रोग त्यात येतो. पण बोलीत संसर्ग म्हणजे संगत, सहवास. शाळेच्या पुस्तकातला अर्थ आणि ओट्यावरचा अर्थ इथे वेगळे पडतात. फलक ओट्यावरच्यांसाठी असतो. त्यामुळे सरळ ‘कीटकजन्य’ लिहा, किंवा त्याहून बरं, ‘वाळूमाशी चावल्याने होणारा’.

सक्करदरा
‘प्रादुर्भाव’ही नको. प्रादुस् म्हणजे उघड, दिसेल असं. प्रादुर्भाव म्हणजे प्रकट होणे. आपल्याकडे हा शब्द कृषी खात्याच्या पत्रकांतून इतका रुळला आहे की कपाशीवर बोंडअळीचा प्रादुर्भाव, संत्र्यावर कोळशीचा प्रादुर्भाव, हेच कानाला ओळखीचं वाटतं. पोरांच्या आजाराला तो शब्द लावला की वाक्य जड होतं आणि कोणी काही करायचं आहे हे त्यातून कळत नाही.

साथ आणि उद्रेक : नेहमीपेक्षा जास्त रुग्ण, थोड्या जागेत, थोड्या दिवसांत, म्हणजे उद्रेक. तो तालुका, जिल्हा ओलांडून पसरला की साथ. ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द महत्त्वाचा. दर पावसाळ्यात तापाचे ५० रुग्ण येणाऱ्या गावात ५० म्हणजे उद्रेक नव्हे. पण जिथे कधीच नव्हता तिथे चांदीपुराचा एक रुग्णही तपास सुरू करायला पुरतो.

शब्दकण
‘साथ’चं मूळ पाहण्यासारखं आहे. संस्कृत सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्यातूनच सोबत या अर्थाचा ‘साथ’ आला. आणि रोग खरोखरच तांड्यांबरोबर गेले. १८१७ साली बंगालमध्ये जेसोरला भडकलेली पटकी, म्हणजे कॉलरा, त्याच वर्षी बुंदेलखंडात इंग्रजी फौजेच्या छावणीत शिरली, आणि पुढे फौजा, यात्रेकरू, जहाजं यांच्याबरोबर देशाबाहेर गेली.

त्याआधीही पश्चिम किनाऱ्यावर हा आजार माहीत होता, आणि त्याचं एक नाव आपलंच होतं : मोडशी. आज मोडशी म्हणजे अजीर्ण. पण गोव्यात पोर्तुगीजांनी हा शब्द पटकीसाठी उचलला आणि ‘मोर्देशिं’ केला. फ्रेंचांच्या कानांनी त्यात ‘मोर्त द शियँ’ ऐकलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. मूळ शब्दात कुत्राही नाही, मरणही नाही. अंग मोडून टाकणारा आजार एवढंच.

१९१८ च्या इन्फ्लुएंझालाही आपल्या लोकांनी ‘मानमोडी’ म्हटलं. रोग्याला काय होतं ते त्या एका शब्दात कळतं. उलट ‘इन्फ्लुएंझा’ हा इटालियन शब्द, अर्थ प्रभाव. रोग ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने येतो असं तेव्हा मानत.

महालकर
आणि ‘महामारी’?

शब्दकण
मरी म्हणजे माणसं पटापट मरतात असा रोग, मरीआई त्यातूनच. जुन्या मराठीत पटकीलाही महामारी म्हणत आणि प्लेगलाही. २०२० नंतर वर्तमानपत्रांनी तो शब्द ‘जगभर पसरलेली साथ’ या अर्थाने पक्का केला. मला ‘महासाथ’ जास्त नेमका वाटतो, कारण महासाथ होण्यासाठी रोग फार मारक असावा लागत नाही, फार पसरावा लागतो. ‘महामारी’त मरण आधीच धरलेलं आहे.

गिट्टीखदान
नावाबद्दल एक. चांदीपुरा हे गाव आपल्याच भागातलं. १९६५ साली तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला हा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. रेबीजच्याच कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. पुढे बरीच वर्षं त्याला कोणी घातक मानत नव्हतं. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यांतली १८३ दगावली, तेव्हा चित्र बदललं. २०२४ ला गुजरातमध्ये तो पुन्हा दिसला, आणि बातम्यांत विदर्भाच्या गावाचं नाव पुन्हा आलं.

१९७६ साली काँगोतल्या यांबुकू गावात नवा रोग सापडला, तेव्हा गावाला बट्टा लागू नये म्हणून संशोधकांनी मुद्दाम जवळच्या नदीचं नाव दिलं : इबोला. २०१५ पासून नव्या रोगांना जागेचं, माणसाचं वा प्राण्याचं नाव देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. चांदीपुराला ते उशिरा झालं. म्हणून फलकावर ‘चांदीपुरा मेंदूज्वर’ लिहा, नुसतं ‘चांदीपुरा’ नको. निदान गाव आणि आजार वेगळे राहतील.

धंतोलीकर
मान्य. पण नुसतं ‘मेंदूज्वर’ही नको. जपानी मेंदूज्वर वेगळा : तो धानाच्या बांध्यांतल्या क्युलेक्स डासांमुळे येतो, डुकरं आणि पाणपक्षी त्याचे साठे, आणि त्याची लस आहे. चांदीपुराला लस नाही, खास औषधही नाही. ‘मेंदूज्वराची लस घेतली’ म्हणून आई निर्धास्त राहिली तर घात होतो. कारण इथे अचानक जोराचा ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि कित्येकदा ४८ तासांच्या आत सगळं संपतं. त्या पोराला झटके आवरणं, श्वास चालू ठेवणं, हेच उपचार. ते मोठ्या दवाखान्यातच होतात.

सक्करदरा
शब्दाच्या घोटाळ्याने उपचार चुकतो, त्याचं आणखी एक उदाहरण नागपूरकरांनी लक्षात ठेवावं : टायफस आणि टायफॉईड. ग्रीक ‘टायफॉस’ म्हणजे धूर, धुंदी. टायफॉईड म्हणजे ‘टायफससारखा’. दोन्हींत रोगी गुंगीत असतो म्हणून. पण टायफॉईड, आपला विषमज्वर किंवा मोतीझिरा, घाण पाण्यातून येतो. स्क्रब टायफस येतो गवतातल्या बारीक किड्याच्या, चिगरच्या, चाव्याने. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याचे रुग्ण बरेच निघाले. टायफॉईडला चालणारं सेफ्ट्रियाक्झोन स्क्रबला चालत नाही. त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागतं. बगल, जांघ, कंबर, कानामागे, विडीचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसतो. तो दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. कपडे काढून बघितल्याशिवाय सापडत नाही.

कीटकवाला
आता ‘माशी’ शब्दाचं. वाळूमाशी म्हटलं की लोक घरमाशी शोधतात, किंवा नदीकाठची वाळू. दोन्ही चूक. ही दीड ते साडेतीन मिलिमीटरची, केसाळ, मातकट रंगाची, बसताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरणारी. भिंतीवर लांब उडत नाही, उड्या मारते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येते, त्यामुळे जाळी बारीक विणीची हवी.

‘कोरडा दिवस’ हा शब्दही इथे लावू नका. तो डेंग्यूचा. एडिस डासाचं अंड्यापासून डास होणं ७-८ दिवसांचं, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढायचं. उन्हाळा संपला की कूलर तसाच ठेवून देणं ही नागपुरातली मोठी चूक. पाणी नुसतं ओतून भागत नाही : अंडी टाकीच्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरड्यात महिनोन् महिने टिकतात आणि पहिल्या पावसाच्या पाण्यात फुटतात. काथ्याने घासून काढावी लागतात.

वाळूमाशी पाण्यात अंडी घालतच नाही. तिला ओलसर माती, शेण, सावली लागते. गोठ्याचा कोपरा, मातीच्या भिंतीतली भेग, कुजलेला पालापाचोळा. डबकी बुजवून ती कमी होत नाही. भेगा लिंपा, उकिरडा घरापासून लांब न्या, गोठा कोरडा ठेवा, पोरं संध्याकाळनंतर उघड्या अंगाने गोठ्याजवळ झोपू देऊ नका.

महालकर
मसुदा बदलला. पाहून घ्या :

‘चांदीपुरा मेंदूज्वर वाळूमाशी चावल्याने होतो. आजारी मुलाला हात लावल्याने होत नाही. भिंतीच्या भेगा लिंपा. शेणाचा ढीग घरापासून लांब ठेवा. मुलाला अचानक जोराचा ताप आणि झटके आले, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करा.’

धंतोलीकर
‘हात लावल्याने होत नाही’ हे सगळ्यात वर घ्या, मोठ्या अक्षरात. आणि ‘झटके’ बरोबर ‘उलट्या’ टाका. झटके येईपर्यंत कधी कधी उशीर झालेला असतो.