मदत हवी आहे: सर्व्हरवरचा कार्यभार तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचे पेटंट क्लेम ‘अस्पष्ट’ ठरवले आहेत

नमस्कार मंडळी,

पेटंटच्या कामातले आणि लिनक्सवर काम करणारे, अशा दोन्ही प्रकारच्या जाणकारांची मदत हवी आहे.

पुण्यात आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. एकाच सर्व्हरवर अनेक ग्राहकांची कामे चालतात तेव्हा कोणत्या कामामुळे कोणाचे काम अडते आहे हे ओळखून आपोआप उपाय करणारी प्रणाली आम्ही तयार केली आणि तिचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात केला. आता पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे एफईआर, हातात आला आहे. त्यात दोन मुख्य आक्षेप आहेत. पेटंट कायद्याच्या कलम १०(५) प्रमाणे क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारे दावे, स्पष्ट आणि नेमके नाहीत, आणि कलम ३(के) प्रमाणे हा निव्वळ संगणक प्रोग्राम आहे, म्हणून पेटंट मिळू शकत नाही. नावीन्यावर आक्षेप नाही.

पहिला क्लेम मराठीत सांगायचा तर असा आहे: देखरेख मॉड्यूल, विश्लेषण मॉड्यूल आणि कृती मॉड्यूल असलेली प्रणाली, जी संगणकावरील कार्यभार असाधारण झाल्याचे जवळजवळ तत्काळ ओळखते आणि योग्य कृती करते. एक्झामिनरने ‘कार्यभार’, ‘असाधारण’, ‘जवळजवळ तत्काळ’ आणि ‘योग्य’ या चारही शब्दांवर बोट ठेवले आहे.

‘कार्यभार’बद्दलचे त्यांचे म्हणणे मला तांत्रिकदृष्ट्या पटते. लिनक्सचा लोड अ‍ॅव्हरेज घ्या. तो १, ५ आणि १५ मिनिटांचा मिळतो, पण त्यात सीपीयूवर चालणाऱ्या प्रक्रियांबरोबर डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. त्यामुळे नेटवर्कवरची डिस्क अडकली की सीपीयू रिकामा असूनही आकडा चढत जातो. एक अभियंता म्हणेल यंत्र दमले आहे, दुसरा म्हणेल निवांत आहे. नुसता ‘भार’ म्हटले तर आमच्या क्लेमची हद्द नक्की कुठे संपते, हे स्पर्धकाला कळणार नाही आणि न्यायालयालाही.

आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या सविस्तर वर्णनात, मात्र मोघम काही नाही. प्रत्येक सीग्रुपचा (लिनक्समधला प्रक्रियांचा गट, ज्याला मेमरी वगैरेच्या मर्यादा लावता येतात) मेमरी आणि आयओचा (डिस्कवरच्या वाचन-लेखनाचा) प्रेशर स्टॉल आकडा, म्हणजे पीएसआय, ठरावीक अंतराने वाचायचा; त्यांची वाट बघत कामे किती वेळ अडकली ते तो सांगतो. त्या सीग्रुपच्या त्याच तासाच्या जुन्या मध्यकाशी तो ताडून बघायचा. सलग तीन नमुने ठरलेल्या पटीपेक्षा वर गेले, की कमी प्राधान्याच्या सीग्रुपची मेमरी.हाय, म्हणजे मेमरी वापराची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणायची. आकृत्या आहेत, फ्लोचार्ट आहे, मर्यादा कशी ठरते त्याचे सूत्र आहे.

माझे प्रश्न:

हे सगळे पहिल्या क्लेममध्ये उतरवले तर कलम ५९ आडवे येईल का? तिथे म्हटले आहे की दुरुस्त क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेतच पूर्णपणे बसले पाहिजेत.

इतके नेमके लिहिल्यावर सूत्र ठळक दिसेल आणि ३(के) चा आक्षेप उलट बळकट होईल, अशी भीती वाटते. पेटंट न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत अल्गोरिदम हा शब्द कायद्यातच आहे. स्पष्टता आणि ३(के) या दोन्हींना एकाच मसुद्यात उत्तर कसे द्यावे?

‘मॉड्यूल’ काढून टाकावे का?

आमच्या टीमने यावर मनापासून काम केले आहे. अर्ज केवळ शब्दांवरून फेटाळला जाऊ नये अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद

पेटंटच्या मसुद्यांचे काम करतो, म्हणून लिहितो. सगळ्यात आधी तारीख बघा. एफईआर निघाल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत उत्तर गेले पाहिजे. मुदतवाढ तीन महिन्यांची मिळते, पण त्यासाठीचा फॉर्म ४ मुदत संपण्याआधी भरावा लागतो. राहून गेले तर अर्ज सोडून दिला असे धरतात.

कलम ५९ ची काळजी इथे कमी आहे. स्पेसिफिकेशनमध्ये आधीपासून असलेली मर्यादा क्लेममध्ये घातली की क्लेम अरुंद होतो, आणि अरुंद झालेला क्लेम जुन्या कक्षेतच राहतो. अडचण येते ती स्पेसिफिकेशनमध्ये नसलेले काही घुसवले तर. नमुन्यांची संख्या, पट, मध्यक हे तिथे ज्या रूपात आहे त्याच रूपात घ्या. प्रणालीऐवजी पद्धतीचा क्लेम करायचा विचार असेल तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा निप्पॉन ए अँड एल निकाल वाचा. पेटंट मिळण्यापूर्वीच्या दुरुस्त्यांकडे तिथे उदारपणे पाहिले आहे. मुंबई कार्यालयात तो मांडता येईल, मान्य होईलच असे धरू नका.

३(के) बद्दल तुमची भीती उलटी आहे. फरीद अल्लानी प्रकरणात २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की शोधात तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान असेल, तर केवळ संगणक प्रोग्रामवर आधारलेला म्हणून तो नाकारता येत नाही. तो परिणाम क्लेममध्येच दिसायला हवा. ‘योग्य कृती करते’ यात तो दिसत नाही. ‘दुसऱ्या सीग्रुपची मेमरी मर्यादा खाली आणते’ यात यंत्रात काय बदलते ते दिसते. अमेरिकेत २०१६ च्या इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप प्रकरणात वीजजाळ्याची माहिती गोळा करणे, तपासणे आणि दाखवणे एवढ्यावर थांबलेले क्लेम टिकले नाहीत. तुमच्याकडे तपासणीनंतरची कृती आहे. वजन तिच्यावर टाका.

‘मॉड्यूल’ काढा. अमेरिकेत विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स या २०१५ च्या निकालात हा शब्द पोकळ, म्हणजे कोणतीही ठोस रचना न सांगणारा ठरला. आपल्याकडेही पेटंट कार्यालयाच्या २०१७ च्या सूचनांनुसार, कार्याच्या नावाने सांगितलेल्या घटकामागे स्पेसिफिकेशनमध्ये नुसता प्रोग्राम असेल तर तो क्लेम नाकारला जात असे. प्रोसेसर, मेमरी आणि कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) इंटरफेस यांच्या भाषेत लिहा. २०२५ मध्ये पेटंट कार्यालयाने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, उत्तर लिहिण्यापूर्वी त्या वाचून घ्या.

प्रतिसाद

मी पेटंटवाला नाही, कर्नलच्या बाजूचा आहे. नावीन्यावर आक्षेप आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. क्लेम मोघम असताना एक्झामिनरला आधीच्या कामाचा शोध घेणेच कठीण असते. तुम्ही नेमके लिहिलेत की आधीचे काम लगेच सापडेल. पीएसआय लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत २०१८ च्या शेवटी आले. ते बघून प्रक्रिया मारणारे ओओएमडी फेसबुकने त्याच वर्षी खुले केले. त्यांचेच सेनपाय हे साधन पीएसआय बघून मेमरी.हाय वरखाली करते. तुमचा फरक नेमका कशात आहे?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सेनपायची मर्यादा ज्या सीग्रुपवर दाब मोजते त्याच सीग्रुपवर लागते. आमच्याकडे दाब एका ग्राहकाच्या सीग्रुपमध्ये मोजला जातो आणि मर्यादा दुसऱ्याच सीग्रुपची खाली येते. कोणाची, हे त्या तासाच्या जुन्या नोंदींवरून ठरते. हा भाग सध्या चौथ्या क्लेममध्ये आहे, तो पहिल्यात आणतो. ‘जवळजवळ तत्काळ’ काढून तिथे नमुन्यांमधले अंतर लिहितो.

एकच विचारायचे राहिले. चाचणीत उच्च प्राधान्याच्या कामाचा विलंब किती घटला याचे आलेख आमच्याकडे आहेत, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये ते नाहीत. उत्तरासोबत जोडता येतील का?

प्रतिसाद

उत्तरातल्या युक्तिवादाला आधार म्हणून जोडा. स्पेसिफिकेशनमध्ये मात्र घालू नका, तिथे नवी माहिती चालणार नाही. आणि हिअरिंग लागली तर ते आलेख कंट्रोलरना, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांना, समजावून सांगायला तुमचा अभियंता पेटंट एजंटसोबत बसवा.