दरडीसमोर ताणलेली तार: 1882 चा ‘पियानो’ आपल्या कोकणाला पुरेल का?

कातळवाट

22 जून 2003 च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. 50 हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी 16 जूनला करंजाडीजवळ, आंबोलीच्या पुलाशी, मत्स्यगंधा एक्सप्रेस तशाच कारणाने घसरली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या वाडीत असं घर नव्हतं ज्यातलं कोणी त्या गाड्यांनी ये-जा करत नव्हतं. तेव्हापासून एक प्रश्न मनातून जात नाही: मध्यरात्री, धो धो पावसात, दोन स्टेशनांच्या मध्ये रुळावर धोंडा येऊन बसला, तर मागून येणाऱ्या गाडीला ते सांगणार कोण?

याचं एक उत्तर स्कॉटलंडमध्ये 1882 साली शोधलं गेलं. ओबनला जाणारी रेल्वे ब्रँडरच्या खिंडीतून जाते. एका अंगाला बेन क्रुआखनचा चढ, दुसऱ्या अंगाला पाणी. मार्ग 1880 मध्ये ओबनपर्यंत पोहोचला आणि ऑगस्ट 1881 मध्ये डोंगरावरून आलेल्या धोंड्यावर गाडी आदळली. त्या रेल्वे कंपनीचे सचिव जॉन अँडरसन यांनी रुळांच्या डोंगराकडच्या बाजूने तारांचं कुंपण उभं केलं आणि त्या तारा थेट सिग्नलच्या खांबांना जोडल्या. तार शाबूत आणि ताणलेली असेल तोवर सिग्नल मोकळा, म्हणजे गाडीला पुढे जायची मुभा. वरून आलेल्या दगडाने एक जरी तार तोडली, की ताण सुटतो आणि सिग्नलचा हात, म्हणजे खांबावरची हलणारी पट्टी, आपोआप धोक्याच्या स्थितीत जातो. वीज लागत नाही, कोणी जागं असावं लागत नाही. वारा सुटला की तारा गुणगुणतात, म्हणून लोक त्याला ‘अँडरसनचा पियानो’ म्हणू लागले.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की यंत्रणा बिघडली तरी ती धोकाच दाखवते. तार गंजून तुटली, धोका. कोणी कापली, धोका. आपल्याकडे कोकण रेल्वेने याच दिशेचा ‘रक्षा धागा’ तयार केला होता, कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेल्या जागी, पडणाऱ्या दगडांची सूचना गाडीला मिळावी म्हणून. माझं म्हणणं, हा विचार अर्धवट सोडू नये. दरडीचं भय असलेल्या प्रत्येक कटिंगला साधी, यांत्रिक, सिग्नलला थेट जोडलेली तार हवी. मग पावसाळ्यातली रात्रीची पायी गस्तही बरीच कमी करता येईल.

लोखंडी_रूळ

कातळवाट, तुमची तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही.

तुम्ही 1882 सांगितलंत, 2010 सांगितलं नाहीत. 6 जून 2010 च्या संध्याकाळी ग्लासगोहून ओबनला निघालेली गाडी याच खिंडीत, फॉल्स ऑफ क्रुआखन स्टेशनजवळ, रुळावरच्या धोंड्याला धडकून घसरली. एक डबा उताराच्या कडेला लटकून राहिला, खाली मोटारींचा रस्ता. त्या वेळी तारा शाबूत होत्या आणि सिग्नल मोकळाच दाखवत होता. कारण तो धोंडा डोंगरावरून आलाच नव्हता. तो कुंपण आणि रूळ यांच्यामधल्या कटिंगच्या उतारावरून सुटला. झाडांच्या मुळांनी आणि झिजलेल्या मातीने तो सैल केला होता. 1946 मध्येही तिथे धोंड्यामुळे गाडी घसरली होती, म्हणजे पियानो असतानाच.

यातून मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे सिग्नल एरवी कायम मोकळे असतात. चालकाला वर्षानुवर्षं तेच दिसतं आणि ‘डोंगरावर लक्ष ठेवणारं कोणीतरी आहे’ अशी खात्री त्याच्या मनात मुरते. जी तार एका बाजूचंच बघते, तिच्या जिवावर दोन्ही बाजूंचा भरवसा ठेवला जातो.

शिवाय तुम्ही ज्याला गुण म्हणता तो कोकणात डोकेदुखी होईल. जूनमध्ये कटिंगवर रान किती माजतं हे तुम्हाला सांगायला नको. वेली चढतील, करंजाची फांदी पडेल, माकडं झोंबतील, गुरं अंग घासतील. खाऱ्या हवेत तार गंजेल, नाही गंजली तर चोरीला जाईल. दर वेळी धोका, दर वेळी गाडी रखडणार, आणि चौथ्या-पाचव्या खोट्या इशाऱ्यानंतर माणसं इशाऱ्याला मानेनाशी होतील.

ग्लासगोकर

मी गेली बरीच वर्षं इथे आहे आणि ओबनच्या गाडीने अनेकदा गेलो आहे, म्हणून पाहिलेलं सांगतो.

खिंड फार देखणी आहे आणि फार अरुंद. सुमारे 4 मैलांच्या पट्ट्यात 17 सिग्नल आहेत. इतके जवळजवळ की खिडकीशी बसलात तर एक मागे पडतो न पडतो तोच पुढचा दिसतो. बहुतेकांना दोन हात, एक येणाऱ्या गाडीसाठी, एक जाणाऱ्या. फॉल्स ऑफ क्रुआखनला दिवेच नाहीत, म्हणून गाडी फक्त उन्हाळ्यात आणि दिवसाउजेडीच थांबते, तेही कोणी सांगितलं तर. अशा ठिकाणी आजही लाकडी-लोखंडी हाताचे सिग्नल उभे आहेत हे पाहिलं की लहानपणचं आमचं स्टेशन आठवतं. ‘सिग्नल पडला’, म्हणजे गाडी येतेय, असं म्हटलं की फलाटावरचे सगळे पिशव्या उचलायचे.

आता मुद्द्यावर. हे सिग्नल धोका दाखवू लागले म्हणजे गाडीने तिथेच थांबून राहायचं असं नाही. चालक गाडी अगदी हळू, दिसेल तेवढ्या अंतरात थांबवता येईल अशा वेगाने, रूळ बघत पुढे नेतो. त्यामुळे खोट्या इशाऱ्याने वाहतूक ठप्प होते ही भीती तितकी खरी नाही. वेळ जातो, मार्ग बंद पडत नाही. 2010 बद्दल मात्र लोखंडी_रूळ यांचं बरोबर आहे. तो अपघात झाला तेव्हा इथे वर्तमानपत्रांत त्या लटकलेल्या डब्याचं चित्र होतं आणि ते विसरता येत नाही. जवळजवळ 60 प्रवासी होते. कोणी दगावलं नाही, हे मी आजही देवाची कृपा मानतो.

गँगमनची_लेक

मला कातळवाट यांच्या शेवटच्या वाक्यावर बोलायचं आहे. ‘रात्रीची पायी गस्त बरीच कमी करता येईल.’

माझे बाबा एका घाट विभागात गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार, होते. पावसाळ्यात रात्रीची गस्त असली की आई जेवणाचा डबा दुपारीच भरून ठेवायची, कारण संध्याकाळी निघताना ते कोणाशी फार बोलायचे नाहीत. खांद्यावर घोंगडीवजा रेनकोट, हातात बत्ती, पिशवीत फटाके. फटाके म्हणजे रुळावर बांधायचे डेटोनेटर. अडथळा दिसला की तिथपासून 600 मीटरवर एक, आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन, असे बांधायचे. गाडीचं चाक वरून गेलं की ते फुटतात आणि चालकाला आवाज जातो. अंधारात, पावसात, स्लीपरवरून 1200 मीटर पळत जायचं, आणि गाडी कुठल्या बाजूने येईल हे ठाऊक नसलं तर कुठे आधी पळायचं हेही तिथल्या तिथे ठरवायचं.

बाबा सांगायचे, दरड पडायच्या आधी डोंगर बोलतो. कटिंगमधून रोज स्वच्छ येणारं पाणी गढूळ होतं. गटार वाहायचं थांबतं, म्हणजे वर कुठेतरी पाणी तुंबलंय. बारीक खडे घरंगळत राहतात. एका झाडाचा कल कालपेक्षा वेगळा दिसतो. यातलं तारेला काय कळणार? तार तुटते ती धोंडा खाली आल्यावर.

म्हणून म्हणते, तार लावा, हजार वेळा लावा, पण ती बाबांच्या जागी नको, त्यांच्या मदतीला हवी. आणि दुसरं. तार तुटली तर ती जोडायला त्या रात्री त्या कटिंगमध्ये कोण जाणार आहे? गँगमनच ना?

कातळवाट

ताई, तुमचं मान्य. गस्त कमी करण्याचं ते वाक्य मी मागे घेतो. गस्तीवरच्या माणसाचा त्रास कमी व्हावा असं मनात होतं, पण लिहिताना त्याचं कामच कमी लेखलं गेलं.

लोखंडी_रूळ यांच्याशी मात्र अजून भांडण आहे. बिघाड झाला तर धोकाच दिसावा ही गोष्ट आज सहज वाटते, पण रेल्वेने ती फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. 21 जानेवारी 1876 ला इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन इथे बर्फाच्या वादळात सिग्नलचे हात मोकळ्या स्थितीतच गोठून अडकले. तेव्हा हात खांबातल्या खाचेत मिटायचा, त्या खाचेत बर्फ दाटला. सिग्नलवाल्याने धोका लावला, हात हललाच नाही. एक्सप्रेस कोळशाच्या गाडीवर गेली आणि त्या ढिगाऱ्यावर उलट बाजूने दुसरी एक्सप्रेस. त्यानंतर हातांची रचना बदलली आणि सिग्नलची नेहमीची स्थिती ‘मोकळा’ऐवजी ‘धोका’ झाली. अँडरसन यांच्या तारा त्यानंतर 6 वर्षांनी आल्या. तार हेच त्या सिग्नलचं बळ, ती गेली की तो मोकळा राहूच शकत नाही. आज कटिंगमध्ये कॅमेरा लावला आणि त्याची वीज गेली, तर तो गप्प बसतो. त्याचं गप्प बसणं म्हणजे ‘सगळं ठीक’ असं कोणी समजू नये, याची वेगळी व्यवस्था करावी लागते. तारेत ती व्यवस्था जन्मतःच आहे. अमेरिकेत आणि कॅनडात दरडीच्या जागी विजेचा प्रवाह खेळवलेल्या तारांची कुंपणं आहेत, त्यांचंही तत्त्व तेच: प्रवाह तुटला की सिग्नल लाल.

वळीव

मी स्थापत्य अभियंता आहे, काही वर्षं उतार स्थिर करण्याच्या कामांवर होतो. तुम्ही दोघंही धोंड्याबद्दल बोलताय, मला मातीबद्दल बोलू द्या.

ब्रँडरला वरून सुटे दगड येतात. एक धोंडा, एक तार, हिशोब सरळ. कोकणात वर जांभा, त्याखाली बऱ्याच ठिकाणी चिकण, शाडूसारखी मऊ माती आणि खाली काळा कातळ. जांभा पाणी गाळून खाली देतो, मऊ थर ते पितो, जड होतो, आणि मग आख्खा उतारच झाडांसकट सरकतो. 14 जुलै 2024 ला दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ रुळावर आली ती मातीची दरड होती. मार्ग एक दिवसाहून जास्त बंद राहिला, ऐन पावसात लोक स्टेशनांवर अडकून पडले. अशा वेळी तार तुटेलच, त्यात शंका नाही. पण उतार त्याच्या आधी काही तास, कधी काही दिवस हलत असतो. ते हलणं जमिनीत नळ्या पुरून मोजता येतं, पावसाचं माप सतत घेता येतं. पैसा मर्यादित असेल, तर माझं मत उताराला पायऱ्या पाडणं, वरच्या कडेने पाण्याचे चर काढणं, जाळी ठोकणं, आणि मग उरलेल्या पैशात तार. गेल्या वीस वर्षांत अशी बरीच कामं कोकण मार्गावर झाली आणि त्यांचा गुण दिसतो आहे. दरड पडल्यावर सांगणाऱ्या यंत्रणेपेक्षा ती पडू न देणाऱ्या गटाराला मी आधी पैसे देईन.

लोखंडी_रूळ

वळीव यांच्याशी सहमत. एक गोष्ट अजून राहून जाते, वेळ. धोंडा गाडीच्या पुढे 200 मीटरवर पडला, तर जगातला कुठलाच सिग्नल कामाचा नाही. ताशी 100 किलोमीटरने येणाऱ्या जड गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो. तिथे वाचवतो तो फक्त वेग. म्हणूनच कोकणात पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं आणि जोराच्या पावसात समोरचं दिसेनासं झालं की वेग ताशी 40 वर आणतात. गणपतीला गाडी चार तास उशिरा पोहोचली की आपण सगळे चिडतो. मला वाटतं त्या चार तासांतच आपली खरी सुरक्षितता आहे, आणि तार लागली की पहिली मागणी वेग वाढवण्याचीच होईल.

कातळवाट

ती मागणी झाली तर तिच्या विरोधात मी तुमच्यासोबत उभा राहीन. वेग तोच ठेवा, चर काढा, गस्त ठेवा. पण हे सगळं करूनही रात्री दोन गाड्यांच्या मधल्या तासाभरात धोंडा पडतोच, आणि गस्तीवाला तेव्हा दोन किलोमीटर पलीकडे असतो. त्या तासाभरासाठी मी तार मागतो आहे. 2010 चा धडा घेऊन ती फक्त वरच्या कडेला नको, कटिंगच्या उतारावर, रुळालगतही हवी.

ग्लासगोकर

रुळालगत लावली तर रान काढणं, झाडं तोडणं हे काम कायमचं मागे लागतं. तिथेच खरी परीक्षा आहे. 2010 च्या कारणांत झाडांची मुळंही होती.

गँगमनची_लेक

काल रात्री बाबांना फोनवर हा सगळा वाद वाचून दाखवला. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण प्रत्येक वळणाचा किलोमीटर त्यांना अजून पाठ आहे. पियानोची गोष्ट त्यांना फार आवडली, दोनदा वाचायला लावली.

मग म्हणाले, “तार लावायला येतील तेव्हा नकाशा घेऊन येऊ देत, पण बीटवरच्या, म्हणजे गस्तीच्या त्या पट्ट्यातल्या, मुकादमाला बरोबर घेऊन चालत जाऊ देत. आमच्या कटिंगला सगळे वर बघायचे, तो मोठा काळा सुळका बघून घाबरायचे. तो माझ्या सबंध नोकरीत हलला नाही. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात पडायचं ते खालच्या पायरीवरून, गटाराच्या वर कमरेएवढ्या उंचीवरून. तिथे तार लावा म्हणावं.”