ट्रान्सफॉर्मर लावूनही मायक्रोवेव्ह बंद पडतो – मदत हवी आहे (तातडीने!)

वैतागलेला_जीव: परदेशातून आणलेला मायक्रोवेव्ह आहे. ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी नुसता घूं घूं करतो आणि पाच मिनिटांत आपोआप बंद. अर्ध्या तासाने परत चालू होतो. काय करू?

तारेवरची_कसरत: परदेशातून म्हणजे कुठून? मागच्या लेबलवर काय लिहिलंय? ट्रान्सफॉर्मर किती वॅटचा? एवढं तरी लिहा हो.

वैतागलेला_जीव: 120 व्होल्ट, 1500 वॅट. ट्रान्सफॉर्मर 2000 वॅटचा, 230 चे 120 करणारा.

निवांत: अडॅप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही. खूप लोक इथेच फसतात.

तारेवरची_कसरत: @निवांत, अडॅप्टरचं नाव तरी काढलंय का कुणी?

जुनाजाणता: स्टॅबिलायझर बसवा. आमच्याकडे संध्याकाळी 170 व्होल्ट यायचे, फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता कण्हायचा. स्टॅबिलायझर आणला, विषय संपला.

तारेवरची_कसरत: काका, फ्रिजचं दुखणं वेगळं. कमी व्होल्टेजला मोटर उचलत नाही, जास्त करंट खेचते आणि वाइंडिंग तापतं. इथे आधी मोजू द्या.

वैतागलेला_जीव: मोजलं. चालू असताना 118.

गणितवेडा: मग ठीकच आहे. चुकून 230 ला हीटरची वस्तू लावली असती तर वर्गाचा नियम! व्होल्टेज जवळपास दुप्पट, उष्णता साडेतीनपटीहून जास्त. उलट 230 ची किटली 120 वर

वैतागलेला_जीव: गणित नको, उपाय सांगा!! आणि हो, त्याचं घड्याळही मागे पडतं. वेगळा धागा काढू का?

तारेवरची_कसरत: थांबा. तासाला दहा मिनिटं?

वैतागलेला_जीव: हो! तुम्हाला कसं कळलं?

तारेवरची_कसरत: लेबलवर 60 हर्ट्झ लिहिलं असणार, तुमच्या घरात 50 आहे. तुमचं घड्याळ विजेची आवर्तनं मोजतं. 60 झाली की एक सेकंद धरतं, मिळतात 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सीला (म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं, त्याला) हात लावत नाही. मायक्रोवेव्हच्या आतला ट्रान्सफॉर्मरही 60 साठीच बनवलेला असतो. 50 वर त्याच्या गाभ्यात चुंबकत्व मावत नाही, करंट वाढतो, म्हणून तो घुमतो नि तापतो. बंद पडतोय तो थर्मल कटआउटमुळे, म्हणजे फार तापलं की वीज तोडणाऱ्या स्विचमुळे. आता वापरू नका.

जुनाजाणता: मागचं झाकण उघडून पंखा साफ करून बघा की एकदा.

तारेवरची_कसरत: अजिबात उघडू नका! प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. काका, कृपा करा.

वैतागलेला_जीव: मग ह्या धोंड्याएवढ्या ट्रान्सफॉर्मरचं काय करू?

गणितवेडा: तिकडचा मिक्सर आणलाय का? त्याला लावा. ब्रशवाल्या मोटरला फ्रीक्वेन्सीचं फारसं सोयरसुतक नसतं.

वैतागलेला_जीव: आणला होता. तो सरळ 230 ला लावला, म्हणून तर ट्रान्सफॉर्मर घेतला.