घरी केलेला सायलेन्सर बसवल्यापासून ३० सीसी पेट्रोल इंजिन दमतंय: सायलेन्सर बदलू की सुया?

घणसोलीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे मॉडेल विमानाचं ३० सीसी टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन आहे. वॉलब्रो पद्धतीचा डायाफ्रामवाला कार्बोरेटर, सीडीआय इग्निशन, १८ बाय ८ इंची लाकडी प्रॉप (प्रोपेलर). विमान पायपर कब, पंख २.७ मीटरचा. उडवायला बदलापूरच्या पुढे मित्राच्या शेतावर जातो, पण इंजिन जमिनीवर चालवून बघणं घणसोलीतच, खाडीकडच्या एका मोकळ्या प्लॉटवर. इंजिनाबरोबर आलेल्या सायलेन्सरचा आवाज एवढा, की समोरच्या बिल्डिंगमधली माणसं गॅलरीत येऊन उभी राहतात. शिवाय तो डबा कबच्या नाकाखाली लोंबतो, ते बघवत नाही.

म्हणून स्टेनलेसच्या पाइपचा छोटा सायलेन्सर केला, रबाळे एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करून घेतलं. आवाज बराच कमी झाला. पण जुन्यावर फुल थ्रॉटलला ७४०० आरपीएम मिळायचे, आता ६७००. फुल थ्रॉटल धरून ठेवला की अर्ध्या मिनिटात इंजिन दमायला लागतं. आणि स्लोवरून एकदम रेस दिली तर खोकतं. एच (फुल थ्रॉटलच्या इंधनाची) आणि एल (स्लोच्या इंधनाची) दोन्ही सुया दीड-दीड फेरा उघड्या आहेत. पेट्रोल पंपावरचं साधं, टू-टी ऑइल ३२ ला १. आता सायलेन्सर बदलू की सुया फिरवू?

नेरुळ_फ्लायर

बाहेर पडायचं भोक मोठं करून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. आणि टाकीला प्रेशर कुठून देताय? नव्या सायलेन्सरला निपल (नळी जोडायचं तोंड) नसेल तर इंजिन लीन होणारच, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. माझ्या ग्लो इंजिनला (मिथेनॉलवर चालणाऱ्या) निपलची नळी निघाली की हेच होतं.

टूलरूमवाला_कळवा

निपलचं म्हणणं ग्लो इंजिनाला बरोबर आहे. तिथे सायलेन्सरमधला दाब टाकीला देऊन इंधन पुढे ढकलतात, म्हणून घरी सायलेन्सर करताना निपल विसरून चालत नाही. या कार्बोरेटरला मात्र स्वतःचा पंप आहे. क्रँककेसमधला दाब खालीवर होतो त्यावर तो चालतो आणि टाकीतून इंधन ओढून घेतो. घणसोलीकर, तुमच्या टाकीला साधी हवेची नळी पुरे.

भोक मोठं करायच्या आधी मला मापं सांगा. दोन्ही सायलेन्सरची बाहेर पडायची नळी आतून किती, नव्याच्या डब्याचा आतला व्यास आणि लांबी किती, आत पडदा टाकलाय का, आणि पडद्याला कितीची किती भोकं. व्हर्नियरने मोजा. मग एक चाचणी करा. इंजिन नीट तापवून फुल थ्रॉटलला एच सुई फेऱ्याचा फक्त आठवा हिस्सा उघडा आणि टॅकोमीटर बघा. आरपीएम चढले तर वरचं मिक्स्चर लीन होतं. उतरले तर सुईचा दोष नाही. हे करताना उभं राहायचं प्रॉपच्या मागे. प्रॉपच्या रेषेत कोणी नको, बाजूला उभा राहून बघणारा मित्रसुद्धा नको.

घणसोलीकर

काका, मोजलं. जुन्याला दोन नळ्या, प्रत्येकी आतून १२ मिमी. नव्याला एकच, आतून १४. डबा आतून ३६ मिमी व्यास, लांबी ११०. मध्ये एक पडदा, त्याला ५ मिमीची ८ भोकं. एच सुई उघडल्यावर आरपीएम अजून उतरले, धूरही वाढला.

टूलरूमवाला_कळवा

छान मोजलंत. आता हिशोब बघा.

१२ मिमीच्या दोन नळ्यांचं क्षेत्रफळ मिळून २२६ चौरस मिमी. तुमच्या एका १४ मिमीच्या नळीचं १५४. पडद्याच्या आठ भोकांचं मिळून १५७. म्हणजे जुन्या वाटेच्या दोन तृतीयांश वाटेतून तेवढाच धूर बाहेर काढायचा, आणि तोही दोनदा अडवून. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर गेला तरच ताजं मिक्स्चर आत येतं. तो अडकला की ताजा माल कमी भरतो, आरपीएम पडतात, आणि आत राहिलेल्या गरम वायूने सिलिंडर आणि पिस्टन तापत जातात. अर्ध्या मिनिटाने दमणं ते हेच. एच सुई उघडून आरपीएम उतरले, म्हणजे इंजिन उपाशी नाही, कोंडलेलं आहे. अशा इंजिनाला उडवू नका. जमिनीवर नुसतं दमतं, हवेत पिस्टन धरू शकतो.

आता डबा. ३६ व्यास आणि ११० लांबी म्हणजे ११२ सीसी जागा, इंजिनाच्या चौपटीच्याही आत. तुमचा आवाज कमी झाला तो धूर कोंडल्यामुळे. आवाज मारायचा असेल तर धुराला पसरायला जागा द्यायची. माझा ठोकताळा असा आहे की डब्याची जागा इंजिनाच्या दहापट तरी हवी, जास्त मिळाली तर आणखी चांगलं. दहापट म्हणजे ३०० सीसी. आतून ५० व्यास आणि १५० लांबी घेतली तर २९५ सीसी होतात, कबच्या काउलखाली (नाकावरच्या आवरणाखाली) आडवा बसतो. नुसतं भोक मोठं केलंत तर आरपीएम परत येतील, पण आवाजही परत येईल, आणि लोक परत गॅलरीत.

वजनाची काळजी नको. ०.८ मिमीच्या स्टीलच्या पत्र्याचा एवढा डबा साधारण १७५ ग्रॅम भरतो, ०.५ चा ११०. कबचं नाक आखूड, नाहीतरी आपण तिथे शिसं भरतोच. शिशाऐवजी सायलेन्सर.

बनवताना हे सांभाळा. बाहेरची नळी एकच ठेवायची तर आतून १७ मिमी, म्हणजे २२७ चौरस मिमी, जुन्याएवढी. ती झाकणावर नुसती चिकटवू नका, डब्याच्या निम्म्या लांबीपर्यंत आत घुसवा. इंजिनाच्या तोंडातून निघालेला धूर सरळ बाहेरच्या नळीत दिसता कामा नये. पडदा ठेवायचाच असेल तर ५ मिमीची १८ भोकं मारा, ३५३ चौरस मिमी होतात. पडद्याची वाट नळीपेक्षा मोठी असली पाहिजे, कधीही. दोन्ही टोकांची झाकणं लाकडी ठोकळ्यावर हातोडीने थोडी बाहेर फुगवून घ्या. सपाट पत्रा ढोलकीसारखा वाजतो आणि आपला सगळा खटाटोप फुकट जातो.

साध्या कथलाच्या डागाने जोडायचा विचारसुद्धा नको. तो १८०-१९० अंशांना वितळतो, एक्झॉस्टच्या तोंडाशी तेवढी उष्णता सहज असते. स्टेनलेस असेल तर आर्गन. साधं स्टील असेल तर टाकणखार लावून पितळी रॉडने ब्रेझिंग, ते मला जास्त आवडतं, कारण टाका सांध्यात वाहत जातो आणि थरथरीत तडकत नाही. भंगारातला पत्रा घेतलात तर जस्ताचा मुलामा नाही ना ते आधी बघा. जस्त जळाल्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

सगळ्यात जास्त वेळ फ्लँजला, म्हणजे इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीला द्या. मी ६ मिमीची पट्टी घेतो. गॅस्केटवरून पुठ्ठ्यावर आकार काढायचा, भोकं आधी मारायची, मधलं तोंड कानशीने पोर्टच्या मापाला आणायचं. वेल्डिंग झालं की फ्लँज वाकतेच, किती जाड घेतली तरी. मग जाड काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर पसरायचा आणि त्यावर फ्लँज इंग्रजी आठचा आकडा काढत घासायची. सुरुवातीला दोन टोकंच चमकतात, मधला भाग काळा राहतो. दाब न देता, हात फिरवून फिरवून घासत राहा. काळा डाग चारी बाजूंनी आत सरकत सरकत नाहीसा झाला की थांबा. हे केलं नाही तर गॅस्केटच्या कडेने तेलकट काळी रेघ उमटते आणि गॅस्केट जळतं.

कार्बोरेटरला तोपर्यंत हात लावू नका. एका सायलेन्सरवर लावलेल्या सुया दुसऱ्यावर चालत नाहीत. आधी सायलेन्सर, मग प्रॉप, मग सुया.

कार्बवाला_कोपरखैरणे

काकांच्या सगळ्या म्हणण्याला +१. मी गॅरेजवाला आहे, ब्रश कटर आणि फवारणी पंपांचे असलेच कार्बोरेटर रोज उघडतो. स्लोवरून खोकण्याचा दोष मला सायलेन्सरपेक्षा कार्बोरेटरचा वाटतो. विमान पावसाळाभर पडून होतं का? टाकीत पेट्रोल होतं का?

हल्ली पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून पूर्वीच्याच सुयांवर इंजिन थोडं लीन चालतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा. कॅनमध्ये राहिलं की पाणी धरलेलं इथेनॉल तळाशी बसतं. कार्बोरेटरमधला डायाफ्राम, म्हणजे पातळ लवचिक पडदा, तोही ताठ होतो. बोटाने दाबून बघा, मऊ कापडासारखा वाकला तर ठीक, चुरचुर आवाज करत वाकला तर किट बदला. आतली लिव्हर मात्र मनाने वाकवू नका.

लागेल तेवढंच पेट्रोल मिसळा, उडवून झालं की टाकी रिकामी करा आणि इंजिन कोरडं होऊन बंद पडेपर्यंत चालवा. नळीही बघा. ग्लोची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते.

खारघर_हँगर

थोडं अवांतर, पण या भागातल्यांसाठी गरजेचं. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुरू झाली आहेत. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगी लागते, आणि ८ किमीच्या आत तर जमिनीपासूनच. आपली २५ किलोच्या आतली मॉडेल विमानंही त्याच नियमांत येतात. उलवे, पनवेल, खारघरच्या मंडळींनी आधी नकाशा बघावा. जमिनीवर इंजिन चालवायला ही अडचण नाही, पण रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा प्लॉट इमारतींपासून जितका लांब तितका बरा.

घणसोलीकर

नवा सायलेन्सर झाला. ५० बाय १५०, ब्रेझिंग केलं, बाहेरची नळी १७ मिमी. फ्लँज काचेवर घासायला पूर्ण संध्याकाळ गेली, पण गॅस्केटला आता रेघ नाही. डायाफ्राम खरंच चुरचुरत होता, किट बदललं. सुया पुन्हा दीड-दीड फेऱ्यावर ठेवून चालवलं: ७२००, आणि दमत नाही. आवाज पहिल्या घरगुती सायलेन्सरएवढाच, पण जाडसर, कानाला टोचत नाही. जो राहिलाय तो प्रॉपचा वाटतो. काका, आता सुया कशा लावू?

टूलरूमवाला_कळवा

फार बरं वाटलं वाचून. प्रॉपचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. १८ इंची प्रॉपचं टोक ७२०० आरपीएमला सेकंदाला १७० मीटरच्या वर पळतं, आवाजाच्या वेगाच्या जवळपास निम्म्याने. तो आवाज सायलेन्सरने जात नाही. मोठा प्रॉप कमी आरपीएमवर फिरवला तर कमी होतो.

आता सुया. विमान मागून घट्ट बांधा, इंजिन पूर्ण तापू द्या. थंड इंजिनावर लावलेली सुई खोटी. आधी एल अशी लावा की स्लो नीट टिकेल. मग फुल थ्रॉटल देऊन एच हळूहळू बंद करत जा, आरपीएम चढत चढत एका जागी थांबतील. तिथून सुई परत उघडा, १५० ते २०० आरपीएम उतरेपर्यंत. ते सोडून दिलेले आरपीएम म्हणजे पिस्टनचा विमा. उरलेल्या शिखराच्या मोहात पडू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही.

मग एल. स्लोवर थोडा वेळ राहू द्या आणि एकदम रेस द्या. इंजिन गप्प होऊन मरायला लागलं तर लीन, एल थोडी उघडा. धूर सोडत, गुरगुरत उशिरा उठलं तर रिच (इंधन जास्त), थोडी बंद करा. प्रत्येक वेळी आठव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. एल हलवली की एच परत तपासायची, कारण या कार्बोरेटरमध्ये फुल थ्रॉटललाही एलच्या वाटेने थोडं इंधन येत असतं. बरेच जण ही पायरी गाळतात आणि मग हवेत इंजिन बंद पडलं की इग्निशनला दोष देतात.

उडवून उतरलात की इंजिन स्लोवर रेंगाळू न देता बंद करा आणि प्लग काढा. फिकट तपकिरी हवा. काळी काजळी असेल तर रिच, पांढराफटक असेल तर लगेच एच उघडा.

कबचं इंजिन काउलमध्ये आहे म्हणून आणखी एक. कार्बोरेटरच्या डायाफ्रामच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. वेगात काउलमधला दाब बदलतो आणि त्या भोकातून मिक्स्चरही बदलतं. जमिनीवर उत्तम आणि हवेत बिघडतं, असं झालं तर त्या भोकावर पितळी नळीचा तुकडा डाग देऊन बसवा आणि तिथून नळी फायरवॉलमागे (इंजिन ज्या फळीवर बसतं तिच्यामागे) शांत हवेत न्या. डाग देताना झाकण कार्बोरेटरवरून काढून घ्या.

घणसोलीकर

सगळं लिहून घेतलं. एक शेवटचं, सायलेन्सरचे बोल्ट ढिले होतायत. थ्रेडलॉक (बोल्टच्या आट्यांना लावायचा गोंद) लावलं होतं.

टूलरूमवाला_कळवा

नेहमीचं निळं थ्रेडलॉक दीडशे अंशांच्या पुढे मऊ पडतं, तिथे त्याचा उपयोग नाही. बोल्टच्या डोक्यांना दीड मिमीचं आरपार भोक मारा आणि स्टेनलेसची तार दोन्ही डोक्यांतून पीळ देऊन ओवा, तारेचा ओढा बोल्ट आवळायच्या दिशेने राहील अशी. तार ओवायच्या आधी एकदा इंजिन तापवून, थंड करून बोल्ट परत आवळा, गॅस्केट तेवढ्यात दबलेलं असतं. आणि ५० बाय १५० चा डबा नुसत्या दोन बोल्टांवर टांगू नका, मागच्या टोकाला पट्टी द्या. पट्टीचं दुसरं टोक इंजिनाच्याच बॅकप्लेटच्या (मागच्या झाकणाच्या) बोल्टला बांधा, फायरवॉलला नाही. इंजिन एकीकडे थरथरतं, फायरवॉल दुसरीकडे, आणि मधला टाका तुटतो.